दुखवट्याच्या दारात पालखी

शिमग्याचा चौथा दिवस, संध्याकाळ

आज मी चूक केली. की नाही केली? काकींचे ते रिकामे हात डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आमच्या वाडीतला सुहासदादा सीमेवरच्या लढाईत गेला, त्याला अजून वर्ष झालेलं नाही. वर्षाच्या आत ज्या घरातलं माणूस गेलं, त्या दारात शिमग्याची पालखी थांबत नाही, हा आमच्या गावचा रिवाज. पण आज पुढचा खांदा माझा होता. दादाच्या घरासमोर मी वळलो, तसे मागचेही वळले.

मानकरी तात्या ओरडले, "कॉलेज अर्ध्यात सोडलंस, आता गावाला रीत शिकवतोस होय रे?"

"देशासाठी मेला तो! त्याच्या दारावरून देव तसाच पुढे जाणार?" मीही ओरडलो.

पालखी अंगणात टेकली. दादाची आई बाहेर आली. ओटी नाही, नारळ नाही, निरांजन नाही. देव दारात आणि काकींचे हात रिकामे. त्यांनी ते पदराखाली लपवले आणि रडायलाच लागल्या. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल!

नंतर पाखाडीच्या पायऱ्यांवर स्वराने, दादाच्या बहिणीने, मला गाठलं. तिने एक शब्द बोलावा म्हणून दोन वर्षं झुरतोय, आणि आज बोलली ती हे: "दादासाठी थांबवलीस, की मी बघत होते म्हणून?"

"दादासाठी," मी ताडकन म्हणालो.

खोटं. वळलो तेव्हा ती खिडकीत उभी होती. दादा मला तात्या ओरडल्यावर आठवला.