तापाचा अर्ज

मंगळवार, संध्याकाळ, मलकापूर

आज बरं वाटतंय. आमच्या नगरपरिषदेत घरच्यांच्या आजारपणाला रजा मिळत नाही, म्हणून सगळे स्वतःलाच ताप आल्याचं लिहितात. ड्रायव्हर गजाननभाऊ तर आज माझ्या, म्हणजे रजेच्या कारकुनाच्या, टेबलापाशी दोन अर्ज घेऊन आले. एक तापाचा आणि एक खरा, बायको अंथरुणाला खिळली, पोरं सांभाळायचीत. साहेब म्हणाले, "आपल्याकडे अशी पद्धत नाही." मी शासनाचा आदेश पुढे ठेवला. बायको अंथरुणाला खिळली असेल तर पोरं सांभाळायला बापालाही रजा, आणि नगरपरिषदेलाही लागू. सही झाली.

"मंग हा तापाचा फाडू का, बाबूजी?"

"फाडा ना."

आदेश माझ्याच कपाटात होता. मी आधी का नाही काढला? बायकोच्या आजारपणात मीसुद्धा तापच लिहिला होता.

घरी सांगितलं तर ती हसली, "म्हंजे बिमार मी, अन् कागदावर तुम्ही!"