निर्मनुष्य माळ

४ नोव्हेंबर
रत्नागिरीहून दुधनीला पोचले. काम झकास आहे: दीडशे वर्षांपूर्वी एका इंग्रज साहेबानं इथल्या माळाचे फोटो काढले होते, तेच देखावे त्याच्याच पितळी भिंगातून पुन्हा टिपायचे. काम देणाऱ्या संस्थेनं ते भिंग माझ्या कॅमेऱ्याला बसवून दिलंय. उतरलेय बाळाबाई मावशींकडे. त्या आणि त्यांचे यजमान बिरुदेवमामा मेंढरं पाळतात. मावशी नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ‘आमचं मालक’ म्हणतात. माझं जोया हे नाव मात्र त्यांच्या तोंडी लगेच ‘जोयव्वा’ झालं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. साहेबानं फोटोंखाली इंग्रजीत लिहिलंय, ‘निर्मनुष्य माळ’. मराठीत सांगितलं तर मावशी हसल्या. म्हणाल्या, मग आमचं पूर्वज हितं काय गवत हुतं व्हय?

६ नोव्हेंबर
पहिला फोटो काढला. मामा घोंगडं पांघरून हौसेनं मधोमध उभे राहिले होते. फोटोत नुसतं गवत, आणि गवतावर माणसाची सावली. साहेबाचा जुना फोटो मोठा करून पाहिला. त्यातही माणसं नाहीत. सावल्या आहेत, पुष्कळ.

७ नोव्हेंबर
मेंढरं एकटीच परतली. मामा नाहीत. मावशींना विचारलं.
“कोण बिरुदेव?” त्या म्हणाल्या.
किती सहज नाव घेतलं. परक्याचं घ्यावं तसं. मग गळ्यातलं डोरलं हातात धरून निरखत राहिल्या.

८ नोव्हेंबर
संस्थेच्या सरांना फोन केला. त्यांचं म्हणणं, पाठवलेला फोटो हुबेहूब आलाय, बाकीचेही असेच रिकामे हवेत. मी साफ नाही म्हटलं. भिंग काढून दगडावर आपटलं. दगड फुटला.

९ नोव्हेंबर
मावशींना फोटोतली सावली दाखवली. पुन्हा पुन्हा दाखवली. शेवटी बोटानं फोटोतलं गवत चाचपत म्हणाल्या,
“आमचं मालक हायेत हे.”
रडल्या नाहीत. उठून पदर खोचला.

१० नोव्हेंबर
माळावर. फोटो रिकामा येऊ द्यायचा नाही, म्हणून दोघी भिंगासमोर उभ्या. कॅमेऱ्याचा पडदा आमच्याकडे वळवलाय — त्यात आम्ही नाही. दोन सावल्या. कॅमेऱ्यामागे कुणी नाही, तरी बाजूला व्हा म्हणून कुणी इंग्रजीत ओरडतंय — मावशींनी माझं कोपर घट्ट धरलंय —
“हितनं हलायचं न्हाय, जोयव्वा.”
नाही हलणार.
तिसरी सावली — घोंगड्याची — मावशी हसल्या — आणखी — बायका, पोरं, मेंढरं — पडद्यात गवत दिसेना — साहेबाचा तो आवाज आता घाबरलाय — आम्ही सगळे त्याच्याकडे चाललोय — माझे पाय मला दिसत नाहीत, तरी मी —