आवाज करणारी माती

३ नोव्हेंबर, सोम.
या लॉटची खरी किंमत मांडून ठेवतो. कच्छची माती, लोखंडाचं मीठ, भट्टीची वीज, हे बिलात येतं. बिलात न येणारं: भट्टीने खाल्लेला एक शर्ट, आगाशीला मेहुणीच्या मुलीचा चुकलेला साखरपुडा, आणि आठवडाभर कुणाशी धड बोलणं नाही. घरात नंदा असती तर पहिल्या दोहोंवरून भांडली असती. तिसऱ्याचा प्रश्नच आला नसता.
पावडर विटकरी, मऊ झालीय. मातीच्या पापुद्र्यांवर लोखंड बसवायचं, ती रंगीत सांडपाण्यात टाकायची, वरून पेरॉक्साइड सोडायचं. लोखंड त्याला कामाला लावतं, रंग मरतो. एवढाच आपला धंदा.

४ मंगळ.
शेठच्या डायिंगवर गेलो. जांभळं पाणी नाल्यात सोडतो म्हणून सगळे त्याच्या मागे लागलेत. म्हणाला, "तात्या, शनिवारी एक ड्रम साफ करून दाखवा. रंग गेला तर वर्षभर माल तुमचाच. नाय तर राम राम."
ही ऑर्डर गेली तर गाळा ठेवण्यात अर्थ नाही. मलाही कळतं. रूपालीने पुण्यात बसून गाळ्याला गिऱ्हाईकसुद्धा शोधलंय. लेक बापावर गेली.
त्यांच्या लॅबमध्ये प्रिसिला म्हणून मुलगी आहे, गास गावची. विचारते, "अंकल, टेस्टिंग कशावर करता?" म्हटलं, "कानावर. केमिकल कंपनीच्या गोदामात पोती वाहत होतो तेव्हापासून रिअॅक्टर ऐकतोय. काम चाललंय की नाही, मला आवाजावरून कळतं. मशीन तुम्हा शिकलेल्यांना."
शेठ खो खो हसला. ती नाही हसली.

६ गुरु.
पावडर लावून बघितली. रंगीत पाणी गाळ्यात कुठून आणू, नेहमीसारखं बोअरच्या पाण्यातच. फारच गप्प. बादलीला कान लावला तेव्हा जेमतेम चुरचुर. ही काय रंग मारणार! सगळ्या लॉटमध्ये थोडं मँगनीज घालून परत भट्टीत.

७ शुक्र.
वा! चमचाभर टाकली आणि फसफसून बादलीबाहेर. बाजूच्या गाळ्यातला वेल्डर हातातलं काम टाकून बघायला आला. रेकॉर्ड करून रू.ला पाठवलं. लगेच फोन.
"बाबा, भजी तळताय का?"
दोघंही हसलो. मग तिचं नेहमीचं. "किती दिवस एकट्याने करणार? इकडे या ना. खोली तयार आहे तुमची."
खोली तयार आहे. खोलीत मी करू काय? लिफ्ट वर आली, लिफ्ट खाली गेली, हे ऐकत बसू? हे बोललो नाही. म्हटलं, शनिवार होऊ दे.
फोन ठेवल्यावर ते रेकॉर्डिंग मीच परत लावलं. जेवताना बरं वाटतं, काहीतरी चालू असलं की.

८ शनि.
ड्रम उसळला. फेस लादीवर. कामगार गोळा झाले. शेठ म्हणाला, "तात्या, ही तर सोड्याची फॅक्टरी!" मी ऐटीत उभा. मग फेस बसला. पाणी जांभळं. थोडं थांबू म्हटलं. थांबलो. तरी जांभळं.
शेठ काही वाईट बोलला नाही. चहा पाजला. तेच जास्त...
प्रि.ने बाटलीत नमुना घेतला. येताना पावडरचं उरलेलं पोतं मीच उचललं.

१० सोम.
प्रि.चा फोन. "अंकल, पेरॉक्साइड रंगाला लागलंच नाही. आपलं आपणच फुटलं, ऑक्सिजन होऊन हवेत गेलं. मँगनीज तेच करतं. फसफस म्हणजे तुमचा माल उडून जातोय."
"मग गुरुवारची गप्प पावडर?"
"ती कदाचित चालली असती. आहे का?"
"सगळी परत भाजली."
मग ती, "नुसत्या लोखंडाची परत करा. बरणीभर जांभळं पाणी मी आणून देते. शेठना तयार करायचं माझ्यावर सोडा."
इतकी वर्षं दोन नमुन्यांतला जास्त ओरडणारा तोच चांगला, असं धरून चाललो. जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा का आली नाहीत, आज...

१३ गुरु.
नवी पावडर झाली. चिमूटभरही मँगनीज नाही. प्रि. घरी जाताना बरणी ठेवून गेली. "पावडर टाकून ठेवा. उद्या नेते, मशीनवर लावते. तोवर हलवू नका हं, अंकल." बस म्हटलं, चहा टाकतो. मम्मी वाट बघते म्हणाली. खरंच असेल.
रू. शनिवारी येतेय, गाळ्याच्या गिऱ्हाइकाला घेऊन. नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही.
बरणीत पावडर टाकली, पेरॉक्साइड सोडलं. टेबलावर ठेवून समोर बसलोय. पंखा बंद केला. कान काचेला लावला. माझाच श्वास ऐकू येतो.
पाणी अजून जांभळंच दिसतंय. रंग उतरतोय की नाही, मला आवाजावरून कळत नाही.