कॅलेंडरमागचा पासवर्ड

वडवणी, मंगळवार, संध्याकाळ

इथल्या वाचनालयाचा लिनक्स संगणक मी सांभाळतो. त्यावर पेन ड्राइव्ह उघडायलाही माझा मुख्य पासवर्ड लागतो, ज्याने संगणकात काहीही बदलता येतं. कुणी काही बिघडवू नये म्हणून मीच तसं ठेवलेलं. आज भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायला गेलो, तर मागे तोच पासवर्ड, पेन्सिलीने!

ग्रंथपाल शेख मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमीच फोनवर सांगितलता, सर. तुमी धारूरला असता तवा लोकांना माघारी कावून पाठवायचं?"

दोन वर्षं झाली म्हणे. एक पेन ड्राइव्ह उघडू द्यायला मी घाबरलो, आणि अख्ख्या घराची किल्ली कॅलेंडरमागे. लई राग आला, पण कुणाचा? दोन वर्षांत एक फाइल इकडची तिकडे झाली न्हाई.

पेन ड्राइव्हची परवानगी सगळ्यांना देऊन टाकली. पासवर्डही बदलला. नवा, अडीनडीला लागेल म्हणून, शेख मॅडमना मीच सांगून आलो.