मला नऊ गुण, रामीबाईला शून्य

४ ऑगस्ट, सकाळी ६
आजपासून पृथ्वीला परवडेल असंच खायचं. यवतमाळच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्याने सुरुवात नाही केली तर कोण करणार? क्विनोआ ऑनलाइन मागवला. राजगिऱ्यासारखं बारीक धान्य, पेरू देशातून येतं.

९ ऑगस्ट
पार्सल आलं. खोक्यात खोकं, त्यात प्लास्टिक. सुचित्रा म्हणाली, रद्दीवाला खूश होईल. बायकोला दूरदृष्टी नाही.

११ ऑगस्ट
नाश्त्याला क्विनोआ. अकरा वाजता स्टाफरूममध्ये चार समोसे. सहकाऱ्यांचं मन मोडवेना. हाच तो सामाजिक दबाव! शोधनिबंधात घेणार. विषय: ‘खाण्याच्या सवयी कशाने ठरतात?’ परिषदेत निबंध वाचला की प्रमोशन नक्की.

१६ ऑगस्ट, रविवार
घाटंजीजवळच्या तांड्यावर सर्व्हे. रामीबाई राठोड, वय साठ. विचारलं, पर्यावरणासाठी आहारात काय बदल केला? म्हणाली, “काय बदलाव बाप्पा? वावरात निंगते ते खातो. सासूनं शिकवलं तसंच रांधतो.”
जागरूकता नाही. दहापैकी शून्य. स्वतःला नऊ दिले. एक नम्रतेपोटी कापला.
मग तिने तरोट्याची रानभाजी आणि ज्वारीची भाकर वाढली. केवळ संशोधन म्हणून खाल्ली. संशोधन तीनदा करावं लागलं. घरी काय खाता, असं तिने विचारलं. डबा उघडून क्विनोआ दाखवला. बाईने पदर डोळ्यांना लावला. एवढा परिणाम मलाही अपेक्षित नव्हता.

२० ऑगस्ट
निष्कर्ष लिहिला: शहरी माणूस विचार करून खातो, तांडा सवयीने. लिहून थकलो. दत्त चौकात झणझणीत रस्सा ओतलेले तर्री-पोहे, दोन प्लेट. तर्री इथलीच, म्हणजे पर्यावरणाला धोका नाही.

२३ ऑगस्ट
सकाळी दारात मोटरसायकल. रामीबाईचा मुलगा भीमसिंग, मागे बांधलेलं पोतं. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, वाळवलेली अंबाडी. सर्व्हेचे आभार मानायला आला असणार, म्हणून मी शर्ट बदलून बाहेर गेलो.
तो सुचित्राला सांगत होता, “मायनं पाठवलं. म्हणे, मास्तर लय उपाशी हायेत, डब्यात पाखराचे दाने घेऊन फिरून राह्यले. सगळ्या तांड्यानं थोडं थोडं देल्लं.”
शेजारचे सदाशिवराव पेपर खाली ठेवून ऐकत होते. सुचित्रा हसत हसत पायरीवरच बसली. मी गैरसमज दूर करणार होतो, पण तिने तव्यावर भाकर टाकली आणि तोंड भरलेलं असताना बोलणं बरं दिसत नाही. चार खाल्ल्या.
निघताना भीमसिंग म्हणाला, “सरलं का फोन करा सर, लाजू नोका.”
नंबर सेव्ह केला.