परसातल्या बोडीचा मालगुजार

लाखनी,
रामनवमीचा दुसरा दिवस

साडभाऊ कृष्णराव यांना भैय्याजीचा लाखनीहून राम राम.

तुमची कंबर आता कशी आहे? उन्हाळी धानाला पाणी पुरतं ना? इकडे आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे ताराबाई सुखरूप आहे आणि मी तिच्या आसपास आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या बायका, या दोघी बहिणी, रोज फोनवर घंटा घंटा बोलतात. मी इथे शिंकलो की तिकडे दिघोरीत रुखमाबाई काढा उकळायला ठेवतात. म्हणून हे पत्र तुमच्या गावच्या प्रविणजवळ देतो आहे (तो आमच्या राईस मिलवर मेटॅडोरनं धान आणतो). वाचून झालं की चुलीत घाला.

आमच्या घरामागचा स्विमिंग पूल तुम्ही पाहिलेला आहे. आमच्या पोरानं, कमलेशनं, तो मोठ्या हौसेनं बांधला आणि सुट्टी संपताच पुण्याला गेला. पूल काही त्याच्यासोबत गेला नाही. मागच्या उन्हाळ्यात मी त्यात इतकं क्लोरीन ओतलं की तळाला पडलेलं नाणं वाचता येई. टीनाच्या अंगावर मात्र पुरळ उठला, डोळे लाल झाले, आणि सूनबाई आठवडाही न थांबता तिला घेऊन परत गेली. कृष्णराव, नात गेली की घर खायला उठतं हो. यंदा सूनबाईनं, साधनानं, अगदी गोड आवाजात दोनच अटी घातल्या आहेत. पाण्यात औषध नको आणि शेवाळही नको. जमलं तर टीना उन्हाळाभर इथे राहील, नाही तर तिच्यासाठी पुण्यातलं एक शिबिर पाहून ठेवलेलंच आहे. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. (थांबा, जरा पाणी पाहून येतो.)

(आलो. कडेला हिरवं वाटलं ते कडुनिंबाचं पान निघालं.) तर कमलेशनं उपाय सांगितला होता. रोज फिल्टर चालवा, भिंती ब्रशनं घासा, पाला काढा, वरून ताडपत्री झाका. एवढा शिकलेला इंजिनिअर इतका साधा उपाय सांगतो म्हटल्यावर माझा त्यावर विश्वास बसेना. शिवाय रोज घासा म्हणजे खरंच रोज घासावं लागतं. मग मी मोबाईलवर वाचलं की विलायतेत तळ्यात जवाचा पेंढा टाकतात, त्यानं शेवाळ धरत नाही. आता जव आपल्याकडे कोण पेरतो? पण धानाच्या तणसाला भंडारा जिल्ह्यात काय तोटा? गंजीतल्या पेंढ्या बांधल्या आणि दिल्या सोडून. पाणी आधी चहासारखं झालं, तो मी औषधी गुण समजलो. मग पेंढ्यांत राहिलेले दाणे उगवले, धानाची रोपं वर आली. शेजारच्या गोदावरीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "भैय्याजी, पऱ्हे तं मस्त उगवून राहिले. रोवना कवा लावता?" मी हसलो, पण त्या लावणीचं खरंच विचारत होत्या.

तणस काढून मासे सोडले. मासे शेवाळ खातात असं बाजारात मासे विकणारा टिकाराम म्हणाला, आणि तो खोटं बोलला नाही. माशांनी खाल्लं, आणि खाल्ल्यावर जे व्हायचं तेही पाण्यातच झालं. त्या खतावर शेवाळ दुप्पट माजलं. काठावर बगळे बसू लागले. आता आपल्याकडची रीत तुम्हाला काय सांगू? शेतातल्या तळ्यात, बोडीत, मासे झाले की उन्हाळ्यात पाणी उतरवायचं, गावानं आत शिरून मासे धरायचे, आणि मालकानं काठावर हसत उभं राहायचं. आमच्या मोहल्ल्यानं माझ्या पुलाची बोडी कधी करून टाकली ते मला कळलंच नाही. एका सकाळी मोहल्ल्यातला डोमा टोपली घेऊन फाटकात उभा. "मालगुजार, बोडी कवा उतरवता जी?" मला त्याच्यावर खेकसायचं होतं. पण मालगुजार! आपल्या बापजाद्यांनी तलावांचे मालक असलेल्या मालगुजारांकडे पाणी हात जोडून मागितलं, आणि मला कोणी मालगुजार म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या उतरवू."

पंप लावून पाणी लिंबाच्या झाडांना सोडलं आणि गुडघाभर उरल्यावर सारा मोहल्ला आत. खाली चिखल नाही, गुळगुळीत फरशी. मासे निसटत, माणसं घसरत, आणि टोपल्यांनी, लुगड्यांनी, गुडघ्यांनी, डोमाच्या तर अख्ख्या पाठीनं चारी भिंती आणि तळ घासून निघाला. दुपारी पाहतो तो शेवाळाचा ठिपका नाही. ताराबाई म्हणाली, "ब्रश मारा म्हटलं तं तुमची कंबर दुखे. आता साऱ्या मोहल्ल्याले लावलं घासाले." मग तिनं माशांचा रस्सा केला. मी दोनदा घेतला.

तर आता पूल ताज्या पाण्यानं भरला आहे. रोज घासतो, फिल्टर चालवतो, ताडपत्री झाकतो, आणि नीट झाकली की नाही ते पाहायला पुन्हा उघडतो. (आत्ताही पाहून आलो. निळं आहे. चष्मा मात्र घरातच राहिला होता.) मला तुमच्याकडून काहीही नको आहे, फक्त मन मोकळं करायचं होतं. तुमच्या बांधीत पाणी आणि घरात शांतता राहो.

तुमचा साडभाऊ,
भैय्याजी

ता. क. — एक बारीकसं काम आहे. लाखांदूरच्या बाजारातून थोडी ब्लिचिंग पावडर घ्या आणि तांदळाच्या पोत्यात खाली घालून पाठवा. इथे घेतली तर दुकानदार ताराबाईला सांगेल. आज कडेला बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं (बोटाला तेल असू शकतं). टीना यायच्या आधी टाकली तर उन्हानं उडून जाईल.

ता. क. दुसरा — प्रविणचं धान उतरायचं आहे म्हणून पत्र अजून इथेच आहे. पावडर आणू नका. आत्ता टीनाचा फोन आला होता. ताराबाईनं तिला माशांचे फोटो पाठवले होते, हे मला आज कळलं. पोरीनं सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं आहे की आजोबांच्या पुलात मासे आहेत. म्हणाली, "आजोबा, मला पोहायचंच नाही. मी काठावर बसून त्यांना मुरमुरे घालणार. शाळा उघडेपर्यंत." साधना मागून म्हणाली, पोहणार नसेल तर पाणी हिरवं का असेना. फोटोतल्या एका माशाच्या शेपटीला चीर आहे, त्याचं नाव तिनं गुड्डी ठेवलं आहे. गुड्डी कशी आहे, असं विचारलं. मी म्हणालो, मजेत आहे. (गुड्डी डोमाकडे गेली की माझ्या ताटात आली, हे मला खरंच माहीत नाही, आणि विचारायची हिंमत नाही.)

कृष्णराव, ती शनिवारी येते आहे. त्याआधी तुमच्या बोडीतलं हिरवंगार पाणी एका ड्रममध्ये आणि त्यात जिवंत मासे, एवढं प्रविणच्या मेटॅडोरमध्ये चढवा. शेवाळ जरा जास्तच येऊ द्या, माझ्याकडे एक तुकडा उरलेला नाही. मासे कसेही चालतील, पण त्यातला एक शेपटीला चीर असलेला बघा. टीना आल्या आल्या तोच शोधेल.