पिकअप कालव्याच्या रस्त्यावर नेण्याआधी

बौद्ध सन २५६७, १४ मार्च, गुरुवार, संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. पिकअपच्या इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्रॅम उतरतो आहे, बासष्ट टक्के झाला. शंभर होईपर्यंत चावीला हात लावता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी विसारुत केतसुवान, वय २३, नववी पास, राहणार फोताराम. माझे डोके ठिकाणावर आहे. मी प्यायलेलो नाही. माझ्यावर दबाव आहे, पण तो गाडीत बसण्याचा आहे, मृत्युपत्राचा नाही.

उद्या सकाळी सात वाजता माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान पी कमोन ('पी' म्हणजे दादा) आपली ही गाडी कालव्याच्या रस्त्यावर पूर्ण जोरात पळवणार. मी शेजारी, लॅपटॉप मांडीवर. इंजिनाचे आकडे धावत्या गाडीतच तपासावे लागतात. गाडी सन २५४८ ची. इंजिनाचा जोर मी सव्वापट केला आहे. ब्रेक झिजलेले आहेत.

मी म्हणालो, "पी, आधी ब्रेक बदलू या."

"ब्रेकने गाडी पळते का रे?"

"थांबते."

"मग? आपण काय थांबायच्या शर्यतीत उतरलोय?"

म्हणून पुढील व्यवस्था.

१. लॅपटॉपमध्ये सत्त्याऐंशी गाड्यांचे मूळ प्रोग्रॅम आहेत. बदल करण्याआधी मी प्रत्येक उतरवून ठेवला. पी कमोन तसे करत नाहीत, 'जुन्याचं काय लोणचं घालायचंय' म्हणतात. ज्याचा त्याला फुकट परत द्यावा. ४१ नंबरच्या गाडीच्या मालकांनी शान म्हणून काळा धूर सोडणारा प्रोग्रॅम हट्टाने मागून घेतला आणि पोलिसांनी पकडल्यावर माझे नाव सांगितले. त्यांना माफी नाही. प्रोग्रॅम द्यावा.

२. बँकेतले १८,४०० बात आईला. ती सगळे देवळात देईल. निम्मेच द्यावेत, उरलेल्यात शेगडी घ्यावी.

३. ताईला काही नाही. साक्षीदाराच्या बायकोला काही ठेवता येत नाही, असे मी वाचले आहे, आणि पी कमोन साक्षीदार आहेत. तिने गैरसमज करून घेऊ नये.

४. अंत्यविधी तीन दिवसांचा पुरे. पी कमोन यांनी देवळाच्या आवारात गाडी आणून, बॉनेट उघडून पाहुण्यांना इंजिन दाखवू नये.

५. खाली सही करणाऱ्यांपैकी जो या पिकअपचा मालक आहे, तो कबूल करतो की नवे ब्रेक बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेणार नाही, आणि खर्च त्याचा. पी कमोन कोणताही कागद वाचून सही करत नाहीत, गाडीच्या कर्जाचाही वाचला नव्हता. तरी अक्षर मी बारीक केलेले नाही.

साक्षीदार पहिले: कमोन श्रीवोंग. "किती लिहितोस रे? कुठे करू सही?" असे विचारून केली.

साक्षीदार दुसऱ्या: पा जिन, शेजारच्या नूडल्सवाल्या मावशी. सगळे वाचून, कलम पाच दोनदा वाचून केली. त्यांनी विचारले, "कमोन, तू वाचलंस ना?"

"त्यात काय वाचायचंय, पा? हा मरणार थोडाच आहे."

सही: विसारुत केतसुवान. फोताराम, वरील तारीख, सहा वाजून पंचवीस.

खर्च: पुढचे ब्रेक, दोन्ही चाकांचे, २,६०० बात. सहा पन्नासला दुकान बंद होण्याआधी मी रोख भरले.
येणे: पी कमोन यांच्याकडून २,६०० बात, कलम पाचप्रमाणे. त्यांना अजून सांगितलेले नाही.